टर्न-बेस्ड म्हणजे मागासलेलं? कोण म्हणतं?

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, आजचा लेख चिडून लिहिलेला आहे.

झालं काय, की गुरुवारी कॅन्टीनमध्ये आमच्या टीममधल्या एका नव्या पोराशी गप्पा चालल्या होत्या. पोरगा हुशार आहे, कोड स्वच्छ लिहितो, गेम्सही भरपूर खेळतो. विषय फायनल फॅन्टसीवर आला. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, दहावा भाग खेळलास का? तर म्हणाला, "अर्धा तास खेळलो, मग सोडला. ते टर्न-बेस्ड आहे ना. तेव्हा मशिन्समध्ये दम नव्हता म्हणून तसं करायचे. आता कोण खेळणार ते?" आणि समोसा खायला लागला.

पुढची दहा मिनिटं मी जे काही बोललो ते त्याने शांतपणे ऐकून घेतलं (त्याच्या कोडचा रिव्ह्यू मी करतो, बिचारा काय करणार). पण माझं समाधान झालं नाही. म्हणून हा लेख.

ज्यांना या मालिकेचा गंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फायनल फॅन्टसी ही जपानच्या स्क्वेअर कंपनीची (आता स्क्वेअर एनिक्स) मालिका. पहिला भाग १९८७ चा, सोळावा २०२३ चा. प्रत्येक क्रमांकाच्या भागात नवी गोष्ट, नवं जग, नवी माणसं. तलवारी, जादू, राक्षस वगैरे मालमसाला कायम. आणि दर एक-दोन भागांनी लढाईची पद्धत बदललेली. एका भागात शिकलेलं पुढच्या भागात चालेलच असं नाही. मला तर या मालिकेत गोष्टीपेक्षा जास्त कुतूहल याचंच असतं, की यावेळी लढाई कशी केली आहे. आणि गेली दहाएक वर्षं या बाबतीत जे चाललंय त्याला लोक 'उत्क्रांती' म्हणतात. मला ते मान्य नाही.

तर पहिला मुद्दा, हार्डवेअरचा. हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकलं की डोकं फिरतं. टर्न-बेस्ड म्हणजे आधी मी चाल करणार, मग राक्षस करणार, मग परत मी. बुद्धिबळासारखं. लोकांना वाटतं, की त्या काळच्या मशिनला पडद्यावर एकाच वेळी धावपळ दाखवता येत नव्हती, म्हणून नाइलाजाने सगळ्यांना रांगेत उभं करून एकेकाला मारायला लावलं. अहो, पहिला झेल्डा १९८६ चा आहे! फायनल फॅन्टसीच्या आधीचा, त्याच फॅमिकॉमच्या डिस्क ड्राइव्हवर चालणारा. त्यात लिंक तलवार घेऊन पडद्यावर मोकाट पळतो. मारामारी दाखवता येत होती, छान येत होती.

एवढ्यावरही कुणाचं समाधान होत नसेल तर १९९१ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी जूनमध्ये स्क्वेअरने गेम बॉयवर 'सेइकेन देन्सेत्सु' नावाचा गेम काढला. जपानी नावातच पुढे 'फायनल फॅन्टसी गायडेन' असं लिहिलेलं, म्हणजे फायनल फॅन्टसीची जोडकथा. तो सरळसरळ अ‍ॅक्शन गेम आहे. पळा, तलवार फिरवा, मारा. आणि त्याच्यानंतर महिन्याभरात, जुलैमध्ये, सुपर फॅमिकॉमसारख्या कितीतरी ताकदवान मशिनवर याच कंपनीने फायनल फॅन्टसी ४ काढला, मेन्यूतून आज्ञा देऊन लढायचा. दुबळ्या मशिनवर अ‍ॅक्शन आणि दणकट मशिनवर आज्ञा. आता सांगा, हा नाइलाज होता का? ती निवड होती. त्यांना दोन वेगळ्या प्रकारचे गेम करायचे होते आणि त्यांनी केले.

पहिल्या भागाची लढाई अकितोशी कावाझूंनी बांधली, आणि त्यांचा ओढा होता डंजन्स अँड ड्रॅगन्सकडे, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या खेळाकडे. ते मूळ लक्षात ठेवलं की पहिला भाग एकदम कळतो. चार जणांना आज्ञा द्यायच्या, मग फेरी सुरू. गंमत म्हणजे तुम्ही दोघांना एकाच राक्षसावर सोडलं आणि पहिल्याच्या घावात तो मेला, तर दुसऱ्याचा घाव हवेत. वाया. पुढच्या भागांत ही कटकट काढून टाकली, दुसऱ्याचा घाव आपोआप जिवंत राक्षसाकडे वळायला लागला. सोय झाली खरी. पण मूळ रूपात तुम्हाला प्रत्येक फेरीआधी अंदाज बांधावा लागायचा, की याला किती घाव पुरतील? रिसोर्स प्लॅनिंगच ते!

दुसरा भाग (१९८८) जाऊ दे. त्यात जे वापराल ते वाढतं, त्यामुळे लोक स्वतःच्याच माणसांना बडवून त्यांचे प्राण वाढवायचे. सिस्टिम टेस्टरकडे न देता रिलीज केली की काय होतं त्याचा हा नमुना. असो.

चौथ्या भागात आले हिरोयुकी इतो. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. त्यांनी एटीबी नावाचा प्रकार आणला, अ‍ॅक्टिव्ह टाइम बॅटल. प्रत्येकाचं आपलं घड्याळ, चपळ माणसाचं लवकर भरतं, जाडजूड शूराचं उशिरा, आणि भरलं की त्याला चाल मिळते. तुम्ही विचार करत बसलात तरी राक्षस थांबत नाही. इतोंना ही कल्पना फॉर्म्युला वनची शर्यत बघताना सुचली म्हणतात, वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या एकमेकींना मागे टाकताना पाहून. स्क्वेअरने तिचं पेटंटही घेतलं. पाचव्या भागात ते घड्याळ पट्टीच्या रूपात पडद्यावर दिसायला लागलं, आणि नवव्यापर्यंत हीच पद्धत टिकली.

एटीबीबद्दल माझं मत बऱ्याच जणांना आवडत नाही. मला ती हुशार वाटते पण प्रामाणिक वाटत नाही. घाई तर लावते, पण त्या घाईत नवा विचार करायला काहीच देत नाही. मेन्यूत 'मंत्र' उघडून खाली खाली जाईपर्यंत राक्षसाने फटका मारलेला असतो, मग हरलो कशामुळे? चुकीचा मंत्र निवडला म्हणून की अंगठा हळू चालला म्हणून? नवव्या भागात (२०००) तर अ‍ॅनिमेशन एवढी लांबलचक की ती चालू असताना सगळ्यांची घड्याळं भरून जायची आणि आज्ञांची रांग लागायची. आत्ता दिलेली आज्ञा केव्हा चालेल ते देवाला ठाऊक. सातव्या भागाचं मटेरिया आणि पाचव्यातलं जॉब बदलणं हे दोन्ही प्रकार मला जीव की प्राण आहेत, पण ते लढाईच्या आधीचं काम आहे. प्रत्यक्ष लढाईत मी बहुतेक वेळा पट्टी भरायची वाट बघत बसलेलो असायचो.

आणि मग २००१ साली आला दहावा भाग.

मी तो पहिल्यांदा पाहिला तो डोंबिवलीला मावशीकडे. मावसभाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. त्याच्याकडे पीएस२ होता (डिस्क कुठून आणली ते विचारू नका :)). मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मे महिन्याच्या सुट्टीत तो खेळायचा आणि मी शेजारी बसून बघायचो. नुसता बघायचो असं नाही. "आता कोण?" असं तो विचारायचा आणि मी पडद्याच्या उजव्या कडेला असलेली यादी वाचून सांगायचो.

ती यादी म्हणजे दहाव्या भागाचा प्राण. लढाईची पद्धत तोशिरो त्सुचिदांची. त्यांनी इतोंचं घड्याळ काढूनच टाकलं. आता काळ थांबलेला. उजवीकडे पुढच्या चालींची रांग दिसते: आधी टिडस, मग राक्षस, मग युना, मग परत टिडस. तुम्ही एखादी आज्ञा नुसती निवडायला घेतली, की रांग तिथल्या तिथे बदलून दिसते. झटपट वार केला तर तुमचा पुढचा नंबर लवकर. शत्रूला रेंगाळवणारा वार केला तर त्याचा नंबर खाली सरकतो. हेस्ट टाकला तर आपली माणसं दोन-दोनदा रांगेत. शिवाय सात माणसांपैकी तीन मैदानात, आणि चाल आली की तिथल्या तिथे बदली करता येते. उडणाऱ्याला वाक्काचा चेंडू, कवचवाल्याला ऑरॉनची तलवार, लिबलिबित फ्लॅनला लुलूचा मंत्र. प्रत्येकाचं काम ठरलेलं, पण कुणाला केव्हा आणायचं ते तुम्ही ठरवायचं.

एक लढाई सांगतो, म्हणजे कळेल मी कशाबद्दल बोलतोय. झानारकांडच्या अवशेषांत युनालेस्का नावाची बॉस आहे. मधल्या रूपात ती तुमच्या माणसांना झॉम्बी करते. झॉम्बीला बरं करणारा मंत्र उलटा लागतो, प्राण घटतात. आणि मग ही बया तुमच्यावरच बरं करणारे मंत्र टाकते! तुम्ही घाईघाईने सगळ्यांचं झॉम्बीपण उतरवता. हुश्श करता. तेवढ्यात ती तिसरं रूप घेऊन मेगा डेथ टाकते, आणि त्यातून वाचतं कोण? जो झॉम्बी आहे तो. म्हणजे जो रोग तुम्ही आत्ता धावपळ करून बरा केला तीच तुमची ढाल होती. पहिल्यांदा आम्ही दोघंही तोंड उघडं टाकून बघत राहिलो. त्या लढाईआधीचा लांबलचक प्रसंग पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे प्रत्येक हरल्यावर तो परत बघावा लागतो (याबद्दल मात्र स्क्वेअरला माफी नाही). चौथ्या वेळी दादाने कंट्रोलर खाली ठेवला, मावशीने आणलेलं पन्हं प्यायलो, आणि वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला: कोणाला झॉम्बी ठेवायचं, कोणाला नाही, बदलीला कोण. मग जिंकलो.

कंट्रोलर खाली ठेवून पन्हं पिता येणं हा त्या पद्धतीचा भाग आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

आता 'उत्क्रांती'वाल्यांनी एवढंच सांगावं. पीएस२ हे त्या वेळचं सोनीचं नवंकोरं मशिन. हार्डवेअर वाढलं की टर्न-बेस्ड जातं असा नियम असेल, तर दहा वर्षं टिकलेलं घड्याळ त्यांनी नेमकं या मशिनवर का काढलं? ताकद वाढली तेव्हा स्क्वेअर उलट शुद्ध चालींकडे गेली. २००३ च्या एक्स-२ मध्ये घड्याळ परत आणलं. २००६ मध्ये आणखी तिसरंच काहीतरी केलं. यातून सरळ वर जाणारी रेघ काढून दाखवा बरं.

ते तिसरं म्हणजे बारावा भाग. माझा सर्वांत लाडका. इथे परत आपले इतो. (अकरावा आणि चौदावा ऑनलाइन आहेत, त्यांचा हिशोब वेगळा, ते सोडून देतो.) बाराव्या भागात लढाई मोकळ्या मैदानात चालू राहते, माणसं चालतात-फिरतात, आणि ती काय करतील हे ठरतं गॅम्बिटवरून. गॅम्बिट म्हणजे नियमांची यादी. डावीकडे अट, उजवीकडे कृती. 'साथीदाराचे प्राण ५०% पेक्षा कमी: क्युअर.' 'शत्रू, सर्वांत कमी प्राणांचा: हल्ला.' वरून खाली वाचायचं, जी पहिली अट खरी निघेल ती कृती. एकेकाला बारापर्यंत ओळी.

ओळखलंत ना? इफ-एल्स! रोजीरोटी आपली!

आणि बगही तसेच येतात. 'कुठलाही शत्रू: हल्ला' ही ओळ सर्वांत वर ठेवलीत तर खाली लिहिलेलं उपचाराचं कलम शत्रू समोर असेपर्यंत चालणारच नाही, माणसं आनंदाने तलवार चालवत मरतील. 'शत्रूचे प्राण १००%: चोरी' ही सुंदर ओळ आहे, पण तिघांनाही दिलीत तर कोणीच पहिला घाव घालत नाही आणि तिघं मिळून एकाच लांडग्याचे खिसे चाचपत बसतात. रिफ्लेक्ट लागलेल्या साथीदारावर क्युअर टाकला की तो उडून शत्रूला लागतो आणि शत्रू टुणटुणीत. उपचाराने प्रेतांना इजा होते हे लक्षात आलं की 'शत्रू, प्रेतयोनी: क्युअर' अशी ओळ लिहिता येते, आणि ती पहिल्यांदा बरोबर चालताना पाहून जो आनंद होतो तो मला प्रोडक्शनमध्ये क्वचित मिळालाय. नोकरीच्या आदल्या वर्षी मी झोडिअ‍ॅक एज ही नवी आवृत्ती पीसीवर खेळलो, आणि प्रायॉरिटी म्हणजे काय हे मला कॉलेजच्या चार वर्षांपेक्षा त्या गेमने जास्त पक्कं शिकवलं. इंजिनिअरिंगची फी आठवली की अजून वाईट वाटतं.

यावर नेहमीचा टोमणा: "म्हणजे गेम स्वतःच खेळतो, तू नुसता बघतोस." हो, बघतो! बिल्ड चालू असताना तुम्ही काय करता? नियम मी लिहिले आहेत, त्यामुळे जे चाललंय ते माझंच खेळणं आहे. याझमत नावाच्या बॉसला पाच कोटींहून जास्त प्राण आहेत. तो पडतो तो तुमच्या यादीमुळे, आणि यादीत भोक असेल तर अर्ध्या तासाने का होईना पण ते भोक सापडतंच.

दोष आहेत. अटी दुकानातून एकेक करून विकत घ्याव्या लागतात, म्हणजे 'इफ' वापरायचा तर आधी पैसे मोजा. शिवाय एका ओळीत दोन अटी जोडता येत नाहीत, 'अँड'च नाही. क्रम लावून भागवावं लागतं. पण हे दोष असे आहेत की वाटतं, पुढच्या भागात हे सुधारतील, दोन अटी देतील, आणखी खोल जातील. कसलं काय! ती वाट तिथेच बंद केली. या क्रमांकित मालिकेत गॅम्बिट परत आले नाहीत.

तेराव्या भागात (२००९) परत त्सुचिदा. त्याला लोक शिव्या देतात तेवढा तो वाईट नाही. पॅराडाइम बदलण्यात, म्हणजे तिघांच्या भूमिका एका झटक्यात पालटण्यात डोकं लागतं. पण 'ऑटो-बॅटल' बटण दाबलं की नायकाच्या आज्ञा मशिन ठरवतं, बाकी दोघांवर तर तुमचा ताबाच नाही, नायक पडला की खेळ खलास, आणि टीम मनासारखी निवडायला मिळते दहाव्या प्रकरणापासून. तोवर लोकांचा संयम सुटला, आणि कंपनीने त्यातून धडा घेतला तो चुकीचा.

पंधरावा (२०१६) हा त्या धड्याचा पहिला निकाल. बटण दाबून धरा, नोक्टिस मारत राहतो. प्राण संपले तर औषध घ्या. परत संपले तर परत औषध घ्या. औषधं स्वस्त. मी तो अख्खा गेम चार मित्रांच्या गाडीतल्या गप्पांसाठी खेळलो, लढाई आली की जांभई यायची.

मधे एक चांगली गोष्ट घडली तीही सांगायला हवी, नाहीतर म्हणाल हा म्हाताऱ्यासारखा नुसता कुरकुरतोय. २०२० चा सातव्या भागाचा रिमेक. त्यात पळायचं आणि मारायचं आहेच, पण मारल्याने एटीबीची पट्टी भरते आणि ती भरली की काळ जवळजवळ थांबवून मेन्यूतून आज्ञा देता येते. शत्रूची नस कुठली ते शोधावं लागतं, नुसतं धोपटून भागत नाही. शिवाय 'क्लासिक' मोड आहे: मारणं-चुकवणं माणूस आपलं आपण करतो, तुम्ही फक्त आज्ञा निवडायच्या. जुन्या आणि नव्याचं भांडण असं सोडवता येतं, आणि ते याच कंपनीने सोडवून दाखवलं. मग तीनच वर्षांत ते विसरली.

सोळावा भाग. जून २०२३. निर्माते नाओकी योशिदा. लढाईसाठी आणले र्योता सुझुकी, कॅपकॉममध्ये डेव्हिल मे क्राय ५ वर काम केलेले. माणूस आपल्या कामात उस्ताद आहे यात वाद नाही. वार, उडी, हवेतले वार, शेवटच्या क्षणी चुकवणं, सगळं लोण्यासारखं. डेव्हिल मे क्राय म्हणून मला आवडलंच असतं. पण या गेममध्ये तुम्ही एकट्या क्लाइव्हला चालवता. बाकी साथीदार शोभेला, आज्ञा देता येते ती फक्त टोरगल नावाच्या कुत्र्याला. आगीच्या प्राण्याला आगीनेच मारलंत तरी काही फरक पडत नाही, मग ती आग, ते बर्फ, ती वीज म्हणजे नुसती रंगपंचमी. १९८७ पासून या मालिकेतला राक्षस समोर आला की पहिला प्रश्न पडायचा, 'याला कशाने मारायचं?' तो प्रश्नच काढून टाकला.

योशिदांनी रिलीजच्या आधी मुलाखतींत कारण दिलं होतं. थोडक्यात असं, की आपण स्वतः आज्ञावाल्या गेम्सवर वाढलो आणि ते आपल्याला आवडतात, पण अ‍ॅक्शनवर वाढलेल्या तरुणांना कळत नाही की मेन्यूतून आज्ञा का द्यायची. इथे माझं डोकं खरं फिरतं. तरुण म्हणजे आम्हीच ना? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या पिढीची निम्मी पोरं ऑनलाइन बुद्धिबळाला लागली. पोकेमॉन कोण खेळतं? पर्सोना ५ कोणी खेळला? आणि सोळावा भाग आला त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, बेल्जियमच्या लॅरियनचा बाल्डर्स गेट ३ आला. शुद्ध टर्न-बेस्ड, फासेसुद्धा पडद्यावर पडताना दिसतात. २०२३ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेम तोच. २०२४ मध्ये स्क्वेअर एनिक्सला गुंतवणूकदारांना सांगावं लागलं की सोळाव्या भागाची कमाई अपेक्षेइतकी झाली नाही. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्समधल्या सँडफॉलने, मूळ टीम जेमतेम तीसेक जणांची, एक्स्पिडिशन ३३ काढला. चालींची लढाई, आणि तीन दिवसांत दहा लाख प्रती खपल्या. त्याचे दिग्दर्शक उघड सांगतात की प्रेरणा जुन्या फायनल फॅन्टसीची. म्हणजे आपल्या घरातली कढी लोक शेजारच्यांकडे जाऊन पितायत, आणि हे म्हणतायत हल्ली कढी कोणाला आवडत नाही.

पण खपाच्या आकड्यांवर हा वाद जिंकायची मला फार हौस नाही. उद्या एखादा अ‍ॅक्शन भाग तुफान खपेलही. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

दादाला तीन वर्षांपूर्वी बाइकचा अपघात झाला. उजव्या हाताची दोन बोटं आता पूर्ण वळत नाहीत. काम करतो, कीबोर्ड चालवतो, पण कंट्रोलरवर पटापट बटणं दाबणं जमत नाही. सोळावा भाग त्याने हौसेने घेतला. पहिल्याच मोठ्या लढाईत दमला. मग मी फोनवर सांगितलं की गेममध्ये पाच अंगठ्या दिल्या आहेत, त्या घाल. एकीने एकच बटण दाबून सगळे वार आपोआप होतात, एकीने चुकवणं आपोआप, एकीने फटका बसायच्या आत काळ मंदावतो, एकीने औषध आपोआप, एकीने कुत्रा आपोआप. कल्पना चांगल्या हेतूने केलेली आहे हे मी मान्य करतो. बऱ्याच लोकांना तिचा उपयोग झाला असेल.

आठवड्याने दादाचा फोन. "अरे, संपवला गेम."

"कसा वाटला?"

"पिक्चर भारी आहे. पण मी त्यात काय केलं ते सांग ना मला. एक बटण दाबत बसलो. दहावा खेळायचो तेव्हा आपण वही घेऊन बसायचो की नाही?"

मला काही उत्तर सुचलं नाही.

आता गॅम्बिट आणि अंगठी शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीत माणूस आपोआप लढतो. पण गॅम्बिटमध्ये काय आपोआप व्हावं हे मी लिहितो, ते चुकलं तर मी सुधारतो. अंगठीत ते कोणीतरी आधीच लिहून सील करून ठेवलंय, मला फक्त घालायची. पाचपैकी तिचं 'औषध केव्हा घ्यायचं' हे कलमसुद्धा मला उघडून बदलता येत नाही. २००६ मध्ये ज्या मालिकेने खेळणाऱ्याच्या हातात नियम दिले, तिने २०२३ मध्ये हळू बोटांच्या माणसाला सांगितलं की बाबा तू बस, आम्ही करतो. हळू बोटं म्हणजे हळू डोकं नव्हे एवढं साधं जुन्या पद्धतीला ठाऊक होतं, कारण तिने बोटांना कधी विचारलंच नव्हतं. आणि हे फक्त अपघात झालेल्यांपुरतं नाही. रात्री साडेनऊला लॉगआउट करून येणारा माणूस, कडेवर पोर घेऊन खेळणारी आई, साठीचे काका, हे सगळे दहावा भाग तुमच्या-माझ्याइतक्याच अधिकाराने खेळू शकतात. पोर रडलं तर युनालेस्का थांबते.

एक्स्पिडिशन ३३ लाही मी या बाबतीत पूर्ण मार्क देत नाही. त्यात चाल निवडायला हवा तेवढा वेळ आहे, पण शत्रूचा फटका परतवायला नेमक्या क्षणी बटण लागतं, आणि मजा बरीचशी त्या परतवण्यातच ठेवली आहे. दादाने खेळून पाहिला, सोपा मोड लावूनसुद्धा कपाळावर आठ्या. रिमेकचा क्लासिक मोड मात्र त्याने पूर्ण केला, तोही कोणाला न विचारता.

तर कॅन्टीनमधल्या मित्रा (तू हे वाचतोयस मला माहीत आहे, लिंक मीच पाठवली आहे), तुला अ‍ॅक्शन आवडत असेल तर खुशाल खेळ. तुझ्या आवडीशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'तेव्हा जमत नव्हतं म्हणून' या वाक्याशी. जमत होतं. तरी त्यांनी थांबायला जागा ठेवली. दहावा भाग परत लाव आणि निदान युनालेस्कापर्यंत जा. वही जवळ ठेव.

मी आणि दादाने या शनिवारपासून बारावा परत सुरू केलाय, तो त्याच्या घरी, मी माझ्या, रात्री फोनवर तुलना. काल त्याने त्याच्या गॅम्बिटच्या यादीचा फोटो पाठवला. दुसऱ्या ओळीत 'कुठलाही शत्रू: हल्ला' आहे आणि क्युअर सहाव्या ओळीत. मी अजून सांगितलेलं नाही.